वीस एमबीच्या आत

कचेरीत तिला सगळे बारीकताई म्हणत, आणि ती तर चांगली अंगापिंडानं भरलेली बाई. दोन जिने चढून आली की पाच मिनिटं तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हा अलिखित नियमच होता. नाव पडलं होतं ते कामावरून. इमारतींचे नकाशे मंजूर करणारी ती कचेरी. रोज दहा-बारा प्रकरणं वरच्या कार्यालयाला ई-मेलनं पाठवायची, आणि वरच्या कार्यालयाची मेलपेटी अशी नखरेल की दहा एमबीच्या वर काही गेलं की तसंच परत. इकडे एकेक प्रकरण साठ-सत्तर एमबीचं. लोक साधा अर्जसुद्धा रंगीत स्कॅन करून आणत, पावत्यांचे फोनवर काढलेले फोटो जोडत. एका आर्किटेक्टनं तर नकाशांच्या मधोमध स्वतःच्या कुत्र्याचा फोटो पाठवला होता. मग जो तो हिच्या टेबलाशी यायचा. "ताई, एवढं जरा बारीक करून द्या."

आणि ती द्यायची. त्यात तिचा हातखंडा होता. आधी फाईलमधला रंग काढायचा, मग करडी छटाही काढून नुसतं काळं-पांढरं ठेवायचं, 'पार्श्वभूमी स्वच्छ करा' या चौकटीत टिचकी मारायची म्हणजे कागदाचा मळ, डाग, घडीच्या रेषा सगळं पांढरंशुभ्र होतं. 'कोरी पानं वगळा' यावरही टिचकी. सत्तर एमबीची फाईल सहावर यायची, अक्षर ठळक. ती खुर्चीत मागे रेलून म्हणायची, "लोकांना काय ठेवावं आणि काय टाकावं हेच कळत नाही बघ." हे वाक्य ती दिवसातून दोनदा तरी बोलायची, आणि खरं सांगायचं तर तिला ते बोलायला आवडायचं.

शेवटचं काम म्हणजे मूळची जाडी फाईल पुसून टाकणं. त्यालाही कारण घडलं होतं. चार वर्षांपूर्वी एकाच प्रकरणाच्या दोन फायली शेजारी शेजारी पडल्या होत्या आणि घाईत भलतीच वर गेली. साहेबांनी सगळ्यांदेखत तिची हजेरी घेतली. त्या दिवसापासून तिनं कानाला खडा लावला. बारीक झाली की जाडी पुसायची, आणि कॉम्प्युटरची कचरापेटीही तिथल्या तिथे रिकामी करायची. एका कागदाची एकच फाईल. कचेरीतल्या नव्या माणसांना ती हा नियम पाठ करायला लावायची.

आई नेमकी उलट. आई पन्नास वर्षं घरी बसून बायकांचे कपडे शिवायची, आणि मशीन चालायचं त्याच्या दुप्पट तिचं तोंड चालायचं. डॉक्टरकडे जाऊन आले, एवढं सांगायचं तरी सुरुवात डॉक्टरांच्या बायकोच्या कोटापासून व्हायची. मग त्या कोटाचं अस्तर, अस्तराचा दुकानदार, त्या दुकानदाराची सून, असं करत करत गोळ्यांपर्यंत यायला अर्धा तास. दूर राहणाऱ्या धाकट्या भावाला हे ऐकायला आवडायचं, तो फोन कानाला लावून तिकडे भांडी घासायचा. लेकीला मात्र दम नसायचा. "आई, मुद्द्याचं बोल," हे तिचं ठरलेलं.

आई जायच्या अकरा दिवस आधीची गोष्ट. बुधवार, दुपारचे बारा. साहेबांच्या खोलीत बैठक सुरू होणार, हिच्या हातात तीन फायली, आणि आईचा फोन.

"अगं, तुझ्याशी एक बोलायचं होतं. परवा मी कपाट आवरायला काढलं, तर तळाशी तुझा तो निळा कोट. तू आठवीत होतीस बघ, तेव्हा मी माझाच कोट उसवून..."

"आई, साहेब थांबलेत. थोडक्यात सांग."



"थोडक्यात नाही गं सांगता यायचं ते," आई म्हणाली. "बरं, लिहून ठेवते. सवडीनं वाच."

"हां, लिहून ठेव," असं म्हणून तिनं फोन बंद केला आणि बैठकीला गेली. बैठकीत काय झालं ते आता तिला एक अक्षर आठवत नाही.

अकरा दिवसांनी आई मशीनवर बसल्या बसल्या गेली. शेजारीण बटणं लावून घ्यायला आली होती, तिला आधी वाटलं डुलकी लागलीय.

सगळं आटोपल्यावर घर आवरताना कपाटाच्या तळाशी खरोखरच तो निळा कोट निघाला. तो तिथे असायलाच नको होता. आठवीत असताना वर्गातल्या मुली त्या कोटाला हसल्या होत्या. आईचा जुना कोट कापून केलाय, हे लांबून दिसायचं. तेव्हा तिनं तो मुद्दाम शाळेच्या बाकावर सोडला आणि घरी येऊन सांगितलं, चोरीला गेला. आई तेव्हा काही बोलली नव्हती. त्या हिवाळ्यात तिनं हिला दुसरा कोट घेतला, विकतचा, आणि स्वतः शालीवर भागवलं. म्हणजे आईनं तो शाळेतून आणला होता. म्हणजे तिला पस्तीस वर्षं सगळं ठाऊक होतं. आणि त्याच कोटापासून सुरू होणारी गोष्ट सांगायला तिनं फोन केला होता.

मग हिनं घर पिंजून काढलं. मशीनचा खण, बटणांचे डबे, गादीखाली, फोटोच्या चौकटीमागे, कोटाच्या दोन्ही खिशांत. चिठ्ठी नाही. आईनं लिहून ठेवते म्हटलं होतं आणि आई शब्दाची पक्की होती. पण अकरा दिवसांत राहून गेलं असेल, असं म्हणून हिनं मनाची समजूत घातली. ती काही नीट पटली नाही. आई रागावून गेली का? एवढं एकच तिला जाणून घ्यायचं होतं.

धाकटा येऊ शकला नव्हता. त्याच्या तिथे राहण्याच्या कागदांचं काहीतरी अडलं होतं, त्या देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर परत घेतलं नसतं. तो फोनवर रडायचा आणि ही त्याला गप्प करायची. तिसऱ्या आठवड्यात त्यानं विचारलं, "ताई, आईच्या मापांच्या वह्या आहेत ना?"

"अकरा आहेत. महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचंय, त्यांचं काय करू ते कळत नाही."

"मला स्कॅन करून पाठव ना. मी लहानपणी मशीनखाली बसून त्याच वह्या वाचायचो. फक्त एक, माझ्या मेलला वीस एमबीच्या वर काही येत नाही. तुला जमेल?"

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिला हसू फुटलं. "कुणाला विचारतोयस?"

वह्या जाडजूड होत्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. वर नाव, खाली शाईनं मापं: छाती, कंबर, खांदा, बाही, उंची. आणि कडेला, खाली, जिथे जागा मिळेल तिथे पेन्सिलीची बारीक टिपणं. जे बदलायचं ते आई पेन्सिलीनं लिहायची. 'डावा खांदा उतरलेला, तिला म्हणायचं नाही.' 'पोट लपवते, शिवणीत दोन बोटं माया जास्त सोडणे.' 'नवरा गेला, यंदा काळं मागेल.' लिहायची पद्धतही शिवणासारखी, ओळीचं पहिलं अक्षर दाबून, टाका पक्का करावा तसं, आणि पुढची सगळी ओळ हलक्या हातानं. लेकीनं लहानपणापासून ते पाहिलं होतं. तिच्या लेखी मापं म्हणजे वही, आणि पेन्सिल म्हणजे गिचमिड.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. साहेबांची परवानगी काढून ती दुपारी एकटीच थांबली. एकटी म्हणजे शिपाईमामा होते सोबत. दोन वर्षांवर निवृत्ती आलेले मामा, किल्ल्या त्यांच्याकडे, आणि तिच्या आईनं कॉलर उलटून शिवून दिलेला शर्ट ते अजून वापरत होते. मोठ्या पात्यानं त्यांनी एकेका वहीची पाठ कापून दिली, म्हणजे पानं सुटी होऊन मशीनमध्ये आपोआप ओढली जातील. पहिली वही कापताना कर्रकन आवाज झाला तेव्हा हिनं मान वळवली. पण अकराव्या वहीपर्यंत सवय झाली.

अकराशे पानं, दोन्ही बाजूंनी. मशीन पानं ओढत होतं आणि ती शेजारी उभी राहून गठ्ठे सारखे करत होती. सगळ्यात शेवटी घरची मापं. आधी वडिलांचं पान, मग हिचं, मग धाकट्याचं. हिचं पान यंत्रात जाताना तिला दिसलं. वर वयाच्या दुसऱ्या वर्षापासूनची मापं एकाखाली एक, आणि त्याखाली पेन्सिलीची गिचमिड. तेवढ्यात मामा चालवत होते त्या दुसऱ्या स्कॅनरमध्ये दोन पानं एकदम अडकली म्हणून त्यांनी हाक मारली आणि ती तिकडे धावली. परत आली तोवर पान पलीकडे पडलं होतं. धाकट्याच्या पानाला कापडाचा तुकडा टाचलेला, ते काही यंत्रातून गेलं नसतं. ते तिनं काचेवर पालथं घातलं, झाकण लावलं, बटण दाबलं. संपलं.

फाईल झाली नऊशे चाळीस एमबीची. तिनं बाह्या सरसावल्या. रंग काढला, दोनशे साठ. करडं काढून काळं-पांढरं केलं, पार्श्वभूमी स्वच्छ केली, कोरी पानं वगळली. सतरा पूर्णांक आठ. तिनं मधलीच चार पानं उघडून पाहिली. पिवळट कागद दुधासारखा पांढरा झाला होता, मशीनच्या तेलाचे डाग गेले होते, आईचे शाईचे आकडे कालच काढल्यासारखे ठसठशीत. आईनंसुद्धा एवढी नीटनेटकी वही कधी पाहिली नव्हती, असं तिला वाटलं, आणि तिला भरून आलं. फाईल धाकट्याला धाडली. मग रोजच्या हातानं जाडी फाईल पुसली आणि कचरापेटी रिकामी केली. कुणी सांगायची गरज नव्हती.

राहिली कागदांची थप्पी. रद्दीत ती घालणार नव्हती. आई मापांच्या बाबतीत फार कडक. एखादीची कंबर किती हे तिनं कधी तिच्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नाही. ही पानं कुणाच्या पुड्यांना लागली असती तर आईला खपलं नसतं. म्हणून आईचीच अब्रू राखावी तशी, तिनं आणि मामांनी मिळून ती सगळी पानं कचेरीतल्या कागद कातरायच्या यंत्रात घातली. यंत्र चांगलं होतं, नखाएवढे तुकडे करायचं. पाच पोती झाली. घरी जाताना तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं.

रविवारी सकाळी धाकट्याचा फोन. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"ताई, फाईल मिळाली. एक विचारू? पेन्सिलीचं कुठाय?"

"कसलं पेन्सिलीचं?"

"एकही टिपण दिसत नाहीये. म्हणजे आकडे आहेत, मस्त दिसतायत. पण बाकी पानं कोरी. आणि आपल्या दोघांच्या पानांवर तर आईनं..." तो थांबला. "तुला माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"ती मला म्हणाली होती, जायच्या आठवडाभर आधी. तुम्हा दोघांना जे सांगायचं ते ज्याच्या त्याच्या पानावर लिहून ठेवलंय म्हणून. मी म्हटलं, ताईला सांगू का? तर म्हणाली, नको. ती दिवसभर कागदच हाताळते, तिला बरोबर सापडेल."

काहीतरी बोलून तिनं फोन ठेवला आणि फाईल उघडली. तिचं पान. वर मापं, दोन वर्षांची, पाच वर्षांची, आठवीतली, लग्नातली, आणि शेवटचं दोन वर्षांपूर्वीचं. त्याखाली पांढरंशुभ्र. तिनंच स्वच्छ केलेलं.

तिला पानभर गिचमिड आठवत होती. ती पाहताना आपण उभ्या होतो, हात लांब केला असता तर पान हातात आलं असतं, हेही आठवत होतं.

सोमवारी ती कचेरी उघडायच्या आधी दारात. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला तिनं तिथूनच फोन लावला. तो आला, तास दीड तास डोकं खाजवत बसला. "ताई, नुसतं पुसलं असतं तर काढून दिलं असतं. पण शनिवारी रात्रीच सगळ्या कचेरीची नक्कल आपोआप उतरते ना, ती नेमकी त्या रिकाम्या जागेवर बसलीय. आणि एवढी मोठी फाईल. तुम्हीच आम्हाला शिकवलंत, जाडी ठेवायची नाही म्हणून." तो बिचारा साधेपणानं बोलला, त्याच्या मनात टोमणा नव्हता.

ती पोत्यांकडे गेली. पोती अजून जिन्याखाली होती. तिनं एकाचं तोंड सोडलं आणि कोपरापर्यंत हात घातला. निळ्या शाईचा अर्धा आकडा, पेन्सिलीची एक करडी वेलांटी, परत आकडा. मूठभर काढून जिन्यावर मांडायला लागली. अकराशे पानांचे तुकडे. वर येणारी माणसं बाजूनं जात होती, आज कुणी तिला काही बारीक करून मागितलं नाही.

शिपाईमामा येऊन शेजारच्या पायरीवर बसले. गुडघे धरून बसले, त्यांना पायऱ्यांवर बसणं जड जायचं.

"ताई, शनिवारी तुम्ही गेल्यावर मी सगळं बंद करायला फिरलो. स्कॅनरचं झाकण उचललं तर काचेवर एक पान राहिलेलं. मी खणात ठेवलंय."

काचेवर पान विसरणाऱ्यानं अख्ख्या कचेरीला चहा पाजायचा, हा नियम हिनंच काढलेला. सात वर्षांत ती एकदाही सापडली नव्हती.

"एरवी चहा घेतला असता तुमच्याकडून," मामा म्हणाले आणि खाली बघत राहिले.

ती उठली ती धावतच. एक पान. जिन्यापासून खणापर्यंतच्या वीस पावलांत तिच्या मनात एकच होतं, माझं असू दे. काचेवर आपण कुठलं पान ठेवलं होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी तिनं तेच मागितलं. पुढे कितीतरी दिवस तिला त्या मागण्याची लाज वाटत राहिली.

पानाला चौकडीच्या कापडाचा तुकडा टाचलेला होता.

धाकट्याकडे तेव्हा संध्याकाळ असणार. तिनं साहेबांच्या रिकाम्या खोलीत जाऊन दार लावलं आणि फोन केला. "तुझं पान आहे," ती म्हणाली. "कातरायचं राहिलं होतं. वाचू?"

"वाच."

तिनं वाचलं. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर काळंभोर होतं, बाकीची ओळ पुसट.

"'बाळा, तुला येता येणार नाही हे मला ठाऊक आहे. त्याचं मनाला लावून घेऊ नकोस, मी नाही लावून घेतलेलं. हा तुकडा तुझ्या पहिल्या शर्टाचा आहे, मशीनखाली बसून तूच तो चघळायचास.'" तिला थांबावं लागलं. पलीकडे तो रडत होता, पण बरं वाटल्यासारखा. तिनं पुढे पाहिलं, आणि वाचू नये असं तिला फार वाटलं. पण पान त्याचं होतं.

"'तुझ्या ताईला मी लांबलचक लिहिलंय. ती घाईत वाचेल. तू तिला फोनवर मोठ्यानं वाचायला लाव आणि शेवटपर्यंत ऐक. मधे तोडू देऊ नकोस.'"

मग त्यानं हळूच विचारलं, "ताई, तुझं?"

तिनं सगळं सांगितलं. रंग काढला ते, पार्श्वभूमी स्वच्छ केली ते, जाडी फाईल पुसली ते, यंत्रात पानं स्वतःच्या हातानं घातली ते. काही हातचं राखलं नाही. निळ्या कोटाचंही सांगितलं, जे आजवर जगात कुणाला सांगितलं नव्हतं. तो "जाऊ दे" म्हणाला नाही, हे त्याचे तिच्यावर उपकारच झाले.

त्याचं पान तिनं मेल केलं नाही. दोन पुठ्ठ्यांच्या मधे घालून, कापडाच्या तुकड्यासकट, पोस्टानं धाडलं. पोस्टातल्या बाईनं विचारलं, यात काय आहे. "कागद," ती म्हणाली. "एक."

पोती तिनं घरी नेली. नवऱ्यानं काही न विचारता गॅलरीत जागा करून दिली.

कचेरीत ती जाऊ लागली, कामं करू लागली. फक्त कुणी फाईल घेऊन आलं की आधी विचारायची, "यात पेन्सिलीनं लिहिलेलं काही आहे का?" लोक चक्रावून नाही म्हणायचे. तरी ती दोनदा विचारायची, आणि जाड्या फायली पुसणं तिनं सोडून दिलं. साहेब बोलले, तर तिनं ऐकून घेतलं.

दोन आठवडे गेले असतील. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर पडले होते आणि ती रोजच्यासारखी आपलं पान उघडून बसली होती. काही दिसणार नाही हे ठाऊक असून बघायची. त्या दिवशी तिनं पान मोठं करत नेलं, आठपट, दहापट. आठवीतल्या बाहीचं माप पडदाभर झालं. तिथून ती खाली सरकत गेली, आणि पांढऱ्यात एक काळा ठिपका आला. तिला वाटलं पडद्यावर धूळ आहे. पदरानं पुसलं, गेला नाही. आणखी खाली सरकली, तर दुसरा. मग तिसरा. सगळे डाव्या कडेला, एकाखाली एक, सारख्या अंतरावर. तिनं पट्टी घेतली आणि पडद्याला लावली. एका रेषेत होते.

आई ओळीचं पहिलं अक्षर दाबून लिहायची. तेवढा दाब काळा होता, म्हणून तेवढाच राहिला होता. बाकीची ओळ स्वच्छ झाली होती.

तिनं मोजले. सतरा. सतरावा ठिपका पानाच्या अगदी खालच्या काठाला होता, म्हणजे आईला पान पुरलं नव्हतं. तिनं पुढचं पान उघडलं. ते धाकट्याचं. तिच्या पानाची मागची बाजू फाईलमध्ये नव्हतीच. कोरी पानं वगळली होती. मागं खरंच कोरं होतं की तेही भरलेलं होतं, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं.

तिनं धाकट्याला फोन लावला. तो संध्याकाळच्या पाळीवर होता, तरी उचलला.

"तुला कामात त्रास देतेय. एवढंच सांगायचं होतं की सतरा ओळी होत्या. कमीत कमी."

"काय लिहिलंय?"

"ते दिसत नाही. कुठे सुरू होते तेवढं दिसतंय." ती म्हणाली, "ठेवते मी, तुझी घाई असेल."

"नाही," तो म्हणाला तशी ती थांबली. त्यानं तिकडे कुठलं तरी दार लावून घेतल्याचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "मला घाई नाहीये, ताई. तू वाच. मी ऐकतोय."

तिनं पट्टी पहिल्या ठिपक्याखाली धरली.

"पहिली ओळ मापांच्या लगेच खाली आहे," ती म्हणाली. "दुसरी तिच्याखाली. तिसरी जराशी आत सरकलीय, तिथे कदाचित नवीन काहीतरी सुरू केलं असेल तिनं. चौथी..."

ती सावकाश सतरापर्यंत गेली. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही.